गडाच्या वाटेवरचं दळण

त्या चैत्रात मी देवीशी बोलत नव्हते. घरात होते, दिवा लावत होते, आईच्या समाधानासाठी हातही जोडत होते, पण मनातून बोलणं बंद होतं. ज्या माणसानं आयुष्यभर भगवतीच्या वाटेवर चालणाऱ्यांसाठी पीठ दळलं, त्या माझ्या वडिलांना तिनं ऐन दसऱ्याला खाली बसवलं होतं. पूजा करून उठले आणि पडले. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं असं झालं की आईशिवाय कुणाला कळेना. हे त्यांच्या वाट्याला का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि 'तिची इच्छा' हे उत्तर मला चालत नव्हतं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स. भाऊ नाही, मी एकटीच. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला नाशिकला खोली करून शिकवलं आणि निकाल लागला त्या दिवशी गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला तो दळणाबरोबर सांगितला. पुढं नाशिकच्याच एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले. या शिक्षणाचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. देवाची गोष्ट सांगायची म्हणून तो खाली ठेवायचा, असं मला वाटत नाही. जे घडलं त्यात माझं शिक्षण उपयोगी पडलंच. फक्त ते एकटं पुरलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आमचं गाव देवळा या तालुक्याच्या गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. चैत्रात याच रस्त्यानं मालेगाव, धुळ्याकडची माणसं पायी सप्तशृंगीच्या गडावर जातात. खांद्यावर निशाण, कपाळाला कुंकू, पायांत कुणाच्या चपला तर कुणाच्या नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या. एक दिवस आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढं या लोकांसाठी भंडारा असतो. गहू घरोघरचा, डाळ घरोघरची, आणि दळण आमच्या गिरणीचं. हा मान दादांनी गिरणी टाकली त्या वर्षापासून त्यांच्याकडे होता. त्या दळणाचे ते काही घेत नसत आणि त्या दिवशी गिरणीत चप्पल घालून कुणाला येऊ देत नसत.

गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं जुनं धूड. हँडल मारून सुरू करायचं, आणि सुरू झालं की त्याची पुकपुक शिवारभर ऐकू जायची. ते दिवस भारनियमनाचे. वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळं विजेच्या चक्क्या असूनही लोक आमच्याकडे यायचे. दसऱ्याला दादा इंजिनाची पूजा करायचे. हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि मग नारळ. हा नारळ इंजिनावरच फोडायचा आणि पाणी त्याच्या अंगावर सांडू द्यायचं, अशी त्यांची पद्धत. पाणी सांडलं की लगेच हँडल. इंजिन तापायचं, पाणी वाळून जायचं, आणि वर्षाला सुरुवात व्हायची.

त्या दसऱ्याला नारळ फुटला, पाणी सांडलं, आणि हँडलला हात घालण्याआधीच दादा पडले. त्यानंतर दवाखाना, नाशिक, औषधं. गिरणीला कुलूप लागलं ते लागलंच.

चैत्रात मी रजा टाकून घरी आले होते. दादांना उन्हं उतरली की अंगणात बाजेवर बसवायचं, तसं बसवलं होतं. तेव्हा आप्पा आले. भंडाऱ्याचं सगळं तेच बघायचे. चांगला माणूस, दादांचा लहानपणापासूनचा मित्र. बसले, पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, या साली दळण देवळ्याहून आणायचं ठरवतोय. दादाची तब्येत अशी. वाईट वाटून घेऊ नका. माणसं उपाशी जायला नकोत, एवढंच हाय."

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षीचं पुढं बघू," ते म्हणाले. म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळलं. गावात मान एकदा दुसऱ्या दारी गेला की तो मागायला जाता येत नाही.

दादांना नीट बोलता येतच नव्हतं. पण त्यांनी डावा हात उचलून बाजेच्या काठावर ठेवला आणि काठ घट्ट धरला, बैलगाडीत बसलेला माणूस गाडी उताराला लागली की धरतो तसा. आईनं पदर डोळ्याला लावला. मी आप्पांना म्हटलं, "गहू इथंच टाका. दळण आमच्याकडंच होईल."

"इंजन कोण चालवील?"

"मी. हँडल मारायला मला दादांनीच शिकवलंय, तुमच्या देखत."

आप्पा हसले. "तवा तू परकरात होतीस. बरं बाई, उद्या सांजेपर्यंत बघतो. परवा भंडारा हाय. उद्या सांजेला पीठ नाय दिसलं तर मी टेम्पो देवळ्याला धाडणार. मग रडायचं नाय."

"रडायला मला वेळ नाही," मी म्हटलं. अशी मी बोलते. आईला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडली. झाडलोट केली, डिझेल भरलं, तेल बघितलं, हँडल लावलं. इंजिन हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, पाय चाकाला टेकवून लावला, शेजारच्या दोघांना बोलावून लावला. चाक जागचं हललं नाही. मग देवळ्याहून रफिक मिस्त्रींना बोलावणं धाडलं. तेही दादांचे जुने स्नेही. आमचं इंजिन त्यांनी इतक्यांदा उघडलं होतं की त्याला ते 'आमचे म्हातारे' म्हणायचे.

मिस्त्रींनी बाजूचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवून मला दाखवलं. बोट पितळेच्या कळंकानं हिरवं झालं होतं. "ताई, म्हाताऱ्यांना नारळपाणी बाधलं," ते म्हणाले.

इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्याचं आतलं टोक एका पितळी बुशात बसतं. बुश म्हणजे जाड पितळेची आखूड नळी, पाटलीसारखी. दसऱ्याचं नारळाचं पाणी तेलाच्या भोकातून आत उतरून नेमकं तिथं साचलं होतं. इंजिन लगेच चालू झालं असतं तर ते वाळलं असतं. ते तसंच सहा महिने बसून राहिलं आणि लोखंड-पितळ एकमेकांना धरून बसलं. हा एक दांडा अडकला की त्याच्या दात्यात दाते घालून बसलेली बाकीची चाकंही अडकतात. सगळं इंजिन एका पाटलीसाठी थांबलेलं.

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "तिच्याच नावानं फोडलेल्या नारळानं?" मग ती घरात गेली. मला वाटलं, हाच माझा प्रश्न, आज आईच्या तोंडून आला.

मिस्त्रींनी रॉकेल ओतलं, स्टोव्हच्या जाळानं बाहेरून शेकलं, ठोकून ठोकून दांडा बाहेर काढला. पण बुश आत राहिला. आणि तो काढायची पंचाईत अशी की ज्या भोकात तो बसवलेला असतो ते आरपार नसतं. मागून बंद. पुढून धरायला त्याला कड नाही आणि मागून ठोसा मारायला वाट नाही.

"छिन्नी मारू का?" मी विचारलं.

"मारा आणि म्हाताऱ्यांना भंगारात द्या. भोवतीचं ओतीव बीड फुटलं की खेळ खलास." मिस्त्रींनी हात पुसले. "नवा बुश माझ्या दुकानात आहे. तो बसवायला वेळ लागत नाही. हा जुना काढायला इंजिन नाशिकला न्यावं लागेल, लेथवर. यात्रा उरकून जाईल तोवर. ताई, वाईट वाटून घेऊ नका."

कालपासून सगळे मला तेच सांगत होते.

त्यांना देवळ्यात एका ट्रॅक्टरचं काम होतं. नवा बुश घेऊन दुपारनंतर एक चक्कर मारतो, म्हणाले. जाताना मी त्यांच्याकडून हातोडा आणि त्यांच्या पेटीतला जुन्या शाफ्टचा एक तुकडा मागून घेतला, बुशाच्या भोकात जाईल अशा मापाचा. "काय करणार?" त्यांनी विचारलं. "शिकवते ते करून बघते," मी म्हटलं. ते हसले. "करा. म्हाताऱ्यांना फोडू नका म्हणजे झालं."

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. आठवीच्या मुलांना मी दर वर्षी शिकवायचे की कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाबलं तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. बुशाच्या मागं थोडी पोकळी होती. ती ग्रीसनं गच्च भरायची, पुढून तो दांडा घालून वर हातोडा मारायचा. ग्रीसला मागं जायला जागा नाही, बाजूला जायला जागा नाही. तो बुशाच्या मागच्या कडेवर दाब देईल आणि बुशाला पुढं ढकलेल. माझा विचार बरोबर होता. आजही मी तो फळ्यावर काढून दाखवीन.

पण पहिल्याच ठोक्याला ग्रीस दांड्याच्या बाजूनं पिचकारीसारखा बाहेर आला आणि माझ्या तोंडावर उडाला. बुश आतून झिजलेला होता. दांडा आणि त्याच्यामधल्या फटीतून ग्रीसला पळायला वाट मिळत होती. मी पुन्हा भरला, पुन्हा मारला. दांड्याला चिंधी गुंडाळून मारला. डबा संपत आला. माझे हात कोपरापर्यंत काळे, कपाळ काळं, आणि बुश होता तिथंच. ऊन डोक्यावर आलं होतं. गिरणीच्या दारातून गव्हाची पोती दिसत होती, गावातल्या घराघरातून आलेली, आप्पांनी माझ्या शब्दावर तिथं टाकलेली.

भिंतीवर भगवतीचा फोटो होता, पिठानं पांढरा झालेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी तिच्याशी बोलले. प्रार्थना वगैरे केली नाही. सरळ म्हटलं, "माझ्याकडे होतं ते सगळं लावलं. आता तुझं पीठ आहे, तुझी माणसं आहेत. तुला आमच्या हातचं नको असेल तर तसं सांग, मी आप्पांना टेम्पो पाठवायला सांगते. पण हवं असेल तर आता तू काहीतरी कर." आणि हातोडा खाली ठेवला. मी हट्टी बाई आहे. हातातली वस्तू अशी खाली ठेवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "पानी शे का व माय?"

बाहेर गडावर निघालेल्या बायका होत्या, खान्देशातल्या. मोठा जथा मागं होता, या चौघी-पाचजणी पुढं निघून आल्या होत्या. बोलणारी बाई माझ्या आईच्या वयाची, उंच, हाडापेरानं मजबूत, हिरव्या लुगड्यातली. पायाचे तळवे फोडांनी भरलेले. मी रांजण दाखवला. त्या पाणी प्याल्या, गिरणीच्या ओट्यावर सावलीला टेकल्या, आणि लगेच कामाला लागल्या. एकीनं गोवऱ्या मांडल्या, दुसरीनं डाळीचं भांडं काढलं, आणि ही हिरव्या लुगड्याची बाई परातीत बट्टीची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या गोळ्यांची, कणीक तिंबायला बसली. आईनं घरातून मीठ-मिरची आणून दिली आणि तिच्याजवळ बसून राहिली.

मी हात धुवायला बाहेर आले. त्या ग्रीसला पाणी काय करणार? बाईनं वर बघितलं आणि काजळ फासल्यासारखं माझं तोंड बघून खो-खो हसली. "हाई काय व माय? बठ्ठा तोंडले काजय फासं का?"

"इंजिन अडकलंय," मी म्हटलं.

"मंग तुले खाई गयं का ते?" बाकीच्या बायकाही हसल्या. माझी आईसुद्धा. दसऱ्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. बाईनं परातीतला कणकेचा एक गोळा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला. "ले. हातवर चोय. पानीघाई नही निंघाव ते."

पाण्यानं न निघणारी हाताची घाण कणकेनं निघते, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडेही बायका हळदीचे, काजळाचे हात तसेच पुसतात. मी गोळा चोळला. तो काळा होत गेला, हात उजळत गेले. मग सहज, हाताला चाळा म्हणून, मी तो मुठीत घट्ट दाबला. कणीक बोटांच्या फटीतून हळूहळू वर आली, जाड, चिवट, एकमेकीला धरून. ग्रीससारखी पळाली नाही. मूठ जितकी आवळावी तितकी ती मुठीतून परत माझी बोटं उघडायला बघत होती.

मी तशीच उभी राहिले. आई नंतर सांगायची की मला उन्हाची भोवळ आली असं तिला वाटलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "ही कणीक मला द्याल?"

"दिनी ना."

"सगळी."

बाईनं माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं, गोवऱ्यांकडे बघितलं. पहाटेपासून चाललेल्या बायकांचं ते जेवण होतं. "कसाले?"

"इंजिनात घालायला."

"आम्हना पोटले नही आनि इंजनले घास," ती म्हणाली. पण परात उचलून माझ्यापुढं ठेवली. का म्हणून विचारलं नाही, समजावून सांगा म्हटलं नाही. आई म्हणाली, "तुम्ही बसा, मी भाकरी टाकते सगळ्यांना," आणि चुलीकडे धावली.

ग्रीस पुसून काढला. भोकात कणीक भरली, बोटानं दाबून दाबून, कोपऱ्यात हवा राहणार नाही अशी. दांडा घातला. हातोडा मारला. दांडा आत गेला आणि थबकला. बाजूनं काही उडालं नाही. दांडा काढला, आणखी कणीक भरली, पुन्हा मारला. असं भरत, मारत राहिले. प्रत्येक वेळी ठोक्याचा आवाज आधीपेक्षा घट्ट येत गेला. ती बाई दारात येऊन उभी होती, कमरेवर हात ठेवून. "जेवनं का तुनं इंजन?"

"जेवतंय."

मग एका ठोक्याला हातोड्याखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी बॅटरीनं बघितलं. बुशाची कड भोकाच्या बाहेर आली होती, नखाएवढी. चकचकीत पिवळी. मी आणखी कणीक भरली आणि मारत गेले, आणि तो जुना बुश, मागं कणकेचा पांढरा गोळा घेऊन, अलगद माझ्या तळहातावर आला.

मी बाहेर येऊन तो सगळ्यांना दाखवला. बाईनं हातात घेतला, उलटापालटा केला, आणि म्हणाली, "एवढासा शे! आनि एवढं नाटक?" तेव्हा मात्र मी रडले. वेळ नाही म्हटलं होतं, पण रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पिठाचा, आणि जेवायला बसली. आईच्या भाकरी, पिठलं, कांदा. त्या खात असतानाच मागचा जथा आला, निशाणं दिसायला लागली. बायका घाईनं उठल्या. मी म्हटलं, "मावशी, थोडं थांबा, इंजिन सुरू झालेलं बघून जा." ती लुगड्याचा काष्टा नीट करत म्हणाली, "आमले गडवर जानं शे. येस व माय." आणि निघाली. नाव, गाव काही विचारायचं राहून गेलं. वाटेवरच्या लोकांना तसं कुणी विचारतही नाही.

रफिक मिस्त्री आले तेव्हा बुश मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी कणीक नखानं खरवडली, वास घेतला. "हे काय?"

"बट्टीची कणीक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. भोक रॉकेलनं धुऊन कणकेचा कण राहू दिला नाही, नवा बुश बसवला, दांडा बसवला, तेल भरलं. हँडल मी मारलं. पहिल्या वेळी नुसता धूर. दुसऱ्या वेळी इंजिनानं एक खोकला दिला. तिसऱ्या वेळी पुकपुक सुरू झाली आणि गिरणीचा पत्रा थरथरायला लागला. पट्टा चढवला, जात्याच्या तोंडात गहू सोडला.

आवाज ऐकून आप्पा धोतराचा सोगा हातात धरून आले. दारात चपला काढल्या. मग त्यांनी आणि मिस्त्रींनी मिळून दादांना खुर्चीसकट उचलून आणलं आणि पीठ पडत होतं त्या तोंडाशी बसवलं. आई त्यांच्या मागं उभी. मी दादांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं हात जोडतील, डोळ्यांना पाणी येईल. त्यांनी डावा हात पुढं केला, पडणारं पीठ तळहातावर घेतलं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळलं, कपाळाला आठी घातली, आणि मला सगळ्यांसमोर स्पष्ट ऐकू येईल असा एकच शब्द म्हणाले.

"जाड."

आप्पा आधी समजले. "ऐकलं का ग," ते म्हणाले, "मालकाला पसंत नाय. पाळी आवळ." मी चाक फिरवून दगड जवळ घेतले. दादांनी पुन्हा पीठ चोळलं. पुन्हा मान हलवली, नाही. मी आणखी आवळलं. मग त्यांनी मान डोलावली आणि हात पिठातच राहू दिला. त्या दिवशीचं सगळं दळण त्यांच्या डाव्या हाताखालून गेलं. एकही पोतं त्यांनी हात लावल्याशिवाय बांधू दिलं नाही, आणि आप्पांनी टेम्पोचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला मी पंगतीत वाढत होते. हिरवं लुगडं दिसलं की थबकायचे. त्या जथ्यात हिरवी लुगडी पुष्कळ होती. ती बाई तर आदल्या दिवशीच पुढं गेलेली, गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या वाटेला लागलेली असणार, हे मला कळत होतं, तरी डोळे शोधत होते. मग एका पंगतीत एका म्हातारीनं पान पुढं सरकवलं आणि मी दुसरीकडेच बघतेय म्हणून म्हणाली, "कोनले दखी ऱ्हायनी? आठे वाढ ना." मी वाढलं. त्यानंतर शोधणं सोडून दिलं आणि समोर जे पान येईल त्याच्यावर वाढत गेले.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. दादा त्यानंतर आणखी बरेच चैत्र त्या खुर्चीत बसले आणि 'जाड'च्या जोडीला त्यांना आणखी पुष्कळ शब्द परत आले, त्यांतले निम्मे मला रागावण्यासाठी होते. मला लोक विचारतात, तुम्ही विज्ञान शिकवता आणि याला देवीची कृपा म्हणता? मी म्हणते, हो. कणकेनं बुश का निघाला ते मी तुम्हाला समजावून देऊ शकते, आणि त्यात चमत्कार काही नाही. कोणत्याही घरात, कोणत्याही दिवशी तो तसाच निघेल. पण कणीक माझ्या घरात रोज तिंबली जात होती. आयुष्यभर मी ती बघितली, लाटली, खाल्ली. माझ्या नियमाला तिची गरज आहे हे मला माझ्या हुशारीनं सुचलं नाही. हातोडा खाली ठेवल्यावर, एका अनोळखी बाईनं माझे हात स्वच्छ व्हावेत म्हणून ती दिली, आणि मागितल्यावर आपल्या तोंडचा घासही दिला. हे कोणत्या नियमात बसवायचं ते मला येत नाही, आणि येत नाही असं म्हणायला आता कमीपणाही वाटत नाही.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी पूर्वी समजत होते, म्हणून तो शब्द मला आवडायचा नाही. आता मला वाटतं, आपल्याला येतं ते सगळं आधी करावं, मन लावून करावं, कमीपणा न मानता आणि लाज न बाळगता. आणि ते संपेल तिथं थांबून सरळ म्हणावं, आता तू बघ. मग दारात जो कोणी पाणी मागायला येईल त्याला पाणी द्यावं. भगवतीनं माझ्या दादांचा हात का नेला, ते मला अजूनही कळलेलं नाही. त्याचं उत्तर तिनं दिलं नाही आणि मीही आता मागत नाही. पण त्यांचा मान तिनं त्यांच्याकडेच ठेवला, आणि तो राखण्याच्या कामात मला घेतलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी रोज बोलते.